एकोणीस हजार एल्क गेले कुठे?

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि भारतातून आईवडील किंवा सासूसासरे आलेले असले, की आपल्या मंडळींच्या प्रवासाच्या यादीत नायगारा, ग्रँड कॅन्यन आणि यलोस्टोन ही तीन नावे ठरलेली असतात. यलोस्टोनला ‘ओल्ड फेथफुल’चे कारंजे पाहून होते, गंधकाच्या वासाने नाके मुरडून होतात, आणि मग उद्यानाच्या उत्तर टोकाला मॅमथ हॉट स्प्रिंग्जच्या हिरवळीवर, अगदी इमारतींच्या दारात, निवांत रवंथ करीत बसलेल्या एल्कच्या माद्या दिसतात. आपल्याकडच्या सांबराचा थोरला भाऊ शोभावा असा हा प्राणी. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सातशे पौंडांच्या घरात जाते, आणि डोक्यावरचा शिंगांचा एवढा मोठा डोलारा दरवर्षी गळून पुन्हा नव्याने उगवतो. शॉनी लोकांच्या भाषेत त्याला ‘वापिती’, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा, असे सार्थ नाव आहे. (युरोपात ‘एल्क’ म्हटले की मूस समजतात. तिकडच्या वाचकांनी गल्लत करू नये.)

दिसायला हे जनावर शांत असले, तरी त्याच्यावरून गेली तीस वर्षे मोठा वाद पेटलेला आहे. यलोस्टोनच्या उत्तर भागातला एल्कचा कळप उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावर चरतो आणि हिवाळ्यात लामार व यलोस्टोन नद्यांच्या खोऱ्यांत उतरतो, तिथून थेट मोंटाना राज्यातल्या गार्डिनरपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे. १९९४ च्या जानेवारीत लहान विमानांतून या कळपाची शिरगणती झाली तेव्हा १९,०४५ एल्क मोजले गेले. २०१३ साली त्याच पद्धतीने मोजले तेव्हा भरले ३,९१५. म्हणजे वीस वर्षांच्या आत पाचातले चार नाहीसे!

का? याचे उत्तर रस्त्यावरच्या कोणालाही विचारा, तो सांगेल: लांडगे. १९९५ साली कॅनडातून लांडगे आणून सोडले आणि त्यानंतर एल्क कमी झाले, यात अवघड काय आहे? आपल्याकडे अशा तर्कासाठी एक नेमकी म्हण आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ. पण म्हण सांगितली म्हणून कावळा निर्दोष ठरत नाही. फांदी आधीच किती कुजलेली होती, वारा किती होता आणि कावळा किती जड होता, हे सगळे तपासावे लागते. त्यासाठी १९९५ पासून नव्हे, त्याच्याही सव्वाशे वर्षे आधीपासून सुरुवात केली पाहिजे.

आधी आकडा वाढला कसा?

१ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सहीने यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झाले. उद्यान झाले म्हणजे प्राण्यांना लगेच अभय मिळाले, असे मात्र नाही. कायदा होता, पण तो राबवायला माणसे नव्हती आणि पैसाही नव्हता. कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी एल्कची बेसुमार कत्तल केली. १८७५ च्या एका वसंत ऋतूत उत्तरेकडच्या भागातून एल्कची दोन हजारांहून अधिक कातडी बाहेर गेल्याची नोंद उद्यानाचे अधीक्षक फिलेटस नॉरिस यांनी करून ठेवली आहे. त्याच काळात मेलेल्या जनावरांच्या अंगात स्ट्रिक्नीन भरून ठेवण्याची रीत होती, म्हणजे ते खायला आलेला लांडगा जागीच संपे. आणि १८७० च्या दशकाच्या अखेरीस, पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरांत शिकार करणाऱ्या मूळ रहिवाशांना उद्यानातून बाहेर काढण्यात आले. हजारो वर्षे एल्क खाऊन जगणारा एक ‘शिकारी प्राणी’, म्हणजे माणूस, या हिशेबातून वजा झाला. ही गोष्ट एल्कच्या चर्चेत सहसा कोणी काढत नाही.

१८८३ मध्ये उद्यानात शिकारीला बंदी आली आणि १८८६ साली चक्क लष्कर बोलावण्यात आले. घोडदळाच्या तुकड्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ उद्यान सांभाळले. १८९४ च्या लेसी कायद्याने चोरट्या शिकाऱ्यांना शिक्षा देण्याचीही सोय झाली. एल्क वाढू लागले. कडक हिवाळ्यात त्यांना वाळले गवत घातले जाई. त्या काळातली समजूत सरळ होती. हरणे चांगली, लांडगे वाईट. १९१६ साली नॅशनल पार्क सर्व्हिस स्थापन झाल्यावरही ती बदलली नाही. १९१४ ते १९२६ या काळात उद्यानात किमान १३६ लांडगे मारण्यात आले आणि १९२६ साली शेवटच्या दोन पिल्लांचा बळी गेल्यावर यलोस्टोनमधून लांडगा संपला. कूगर, म्हणजे इथला डोंगरी सिंह, तोही जवळजवळ नाहीसा झाला. हे सगळे चोरांनी केलेले नाही. उद्यान राखण्यासाठी पगार घेणाऱ्या सरकारी नोकरांनी, आपले कर्तव्य समजून केले.

पुढे एल्क इतके झाले की ते देशभर वाटण्यात आले. ॲरिझोना आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांतून स्थानिक एल्क नामशेष झाले होते. तिथे १९१३ साली यलोस्टोनचे एल्क आगगाडीने पाठवण्यात आले. त्या भागांत राहणाऱ्या आपल्या वाचकांना रस्त्याकडेला एल्क दिसलाच, तर त्याचे कुलदैवत यलोस्टोनला आहे असे समजायला हरकत नाही.

कत्तलीचा विसरलेला अध्याय

१९३० नंतर सूर बदलला. कुरणे उजाड होऊ लागली, ॲस्पेनची कोवळी रोपे आणि ओढ्याकाठची विलोची झुडपे वर यायच्या आत कुरतडली जाऊ लागली. मग ज्यांनी लांडगे मारले त्याच खात्याला लांडग्यांचे काम अंगावर घ्यावे लागले. १९३० च्या दशकापासून १९६८ पर्यंत रेंजर एल्कना गोळ्या घालत होते, नाहीतर पिंजऱ्यात पकडून बाहेर पाठवत होते. एकट्या १९६१-६२ च्या हिवाळ्यात रेंजरांनी चार हजारांहून अधिक एल्क मारले. राष्ट्रीय उद्यानात सरकारच वन्य प्राण्यांची अशी सामुदायिक हत्या करते हे लोकांना समजल्यावर गदारोळ उठला. १९६३ साली प्राणिशास्त्रज्ञ स्टार्कर लिओपोल्ड यांच्या समितीने अहवाल दिला. मोठे शिकारी प्राणी नसतील तर माणसाला संख्या आटोक्यात ठेवावीच लागेल, असे तिचे म्हणणे होते. पण लोकमत विरोधात होते. १९६७ साली वायोमिंगचे सेनेटर गेल मॅगी यांनी या प्रश्नावर सुनावणी घेतली आणि ती कत्तल थांबली. यापुढे निसर्गालाच आपला तोल सांभाळू द्यायचा, असे ठरले.

आता या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावे. कत्तल थांबली तेव्हा, म्हणजे १९६८ साली, उत्तरेच्या कळपात किती एल्क उरले होते? मोजणीचा आकडा चार हजारांच्या खाली होता. २०१३ साली ज्या आकड्यावरून हलकल्लोळ झाला, जवळजवळ तोच आकडा! आणि १९६८ साली यलोस्टोनमध्ये औषधालाही लांडगा नव्हता.

म्हणजे ‘घट’ हा शब्दच जरा जपून वापरायला हवा. घट कशापासून? १९६८ पासून मोजले तर २०१३ पर्यंत फरक जवळपास शून्य. १९९४ पासून मोजले तर सर्वनाश. शेअर बाजाराचा आलेख कोणत्या दिवसापासून काढला, यावर जसा नफातोटा ठरतो तसेच हे आहे. १९६८ ते १९९४ ही सव्वीस वर्षे विलक्षण होती. उद्यानात बंदूक नाही, लांडगा नाही, कूगर नुकते कुठे परतू लागलेले, अस्वले थोडी. ग्रिझली अस्वलाला १९७५ साली संरक्षित यादीत घातले तेव्हा यलोस्टोनच्या साऱ्या परिसरात ती दोनशेच्याही आत असावीत असा अंदाज होता. अशा मोकळ्या रानात एल्क चौपट-पाचपट झाले. १९८८ च्या प्रचंड वणव्यात उद्यानाचा ३६ टक्के भाग होरपळला आणि पाठोपाठच्या हिवाळ्यात हजारो एल्क दगावले, तरी पाचसहा वर्षांत आकडा पुन्हा एकोणीस हजारांवर गेला. आपण ज्याला ‘मूळ’ संख्या समजतो ती अशी माणसाने शंभर वर्षे खपून उभारलेली होती.

एकाच वेळी पाच बदल

मी संगणकाच्या धंद्यातला. आमच्याकडे चालती प्रणाली अचानक बिघडली की पहिला प्रश्न असतो: काल रात्री कोणी काय बदलले? प्रश्न चांगलाच आहे, आणि बहुतेक वेळा उत्तरही त्यातच असते. पण एकाच आठवड्यात पाच बदल झालेले असतील, तर जो बदल सर्वांत जास्त गाजला त्याच्याच गळ्यात घंटा बांधली जाते. यलोस्टोनमध्ये १९९५ च्या आसपास नेमके हेच झाले.

पहिला बदल अर्थातच लांडग्यांचा. १९७३ च्या संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्याचा आधार घेऊन १९९५ साली अल्बर्टातून १४ आणि १९९६ साली ब्रिटिश कोलंबियातून १७, असे ३१ लांडगे आणण्यात आले. २००३ पर्यंत उद्यानात त्यांची संख्या १७४ झाली. लांडग्यांचे मुख्य अन्न एल्कच. तेव्हा त्यांचा परिणाम झाला नाही असे कोणी म्हणत असेल, तर ते भाबडेपणाचे आहे.

दुसरा बदल हवामानाचा. १९९६-९७ चा हिवाळा भयंकर होता. बर्फावर पाऊस पडून कवच गोठले, खालचे गवत खुरांना सापडेना. पुढे २००० नंतरच्या वर्षांत दुष्काळ पडला.

तिसरा बदल खरे तर बदल नव्हे, चालूच असलेली गोष्ट होती: बंदूक. १९७६ पासून गार्डिनरजवळ, उद्यानाच्या हद्दीबाहेर, ऐन हिवाळ्यात एल्कच्या माद्यांची परवाना-शिकार चाले. त्यात दरवर्षी शेकडो, काही वर्षी हजाराहूनही अधिक एल्क मारले जात. आता फरक पाहा. संशोधकांनी मारल्या गेलेल्या माद्यांची वये तपासली. लांडग्यांनी मारलेल्या प्रौढ माद्यांचे सरासरी वय साधारण चौदा वर्षे निघाले, तर शिकाऱ्यांनी मारलेल्यांचे साडेसहाच्या आसपास. चौदा वर्षांची मादी म्हणजे आजीबाई, तिचे वीत संपत आलेले. सहा वर्षांची मादी दरवर्षी एक पाडस देणारी, अजून आठ वर्षे देऊ शकणारी. घरात मोडीत निघालेले भांडे विकणे वेगळे आणि दुभती गाय विकणे वेगळे. कळपाच्या दृष्टीने शंभर लांडगेबळी आणि शंभर बंदूकबळी यांची किंमत सारखी नाही.

चौथा बदल अस्वलांचा. संरक्षणामुळे ग्रिझली वाढत गेली. २००३ ते २००५ या तीन वर्षांत १५१ नवजात पाडसांना रेडिओ-खुणा लावून त्यांचे काय होते याचा माग काढण्यात आला. मेलेल्या पाडसांपैकी जवळपास साठ टक्के ग्रिझली आणि काळ्या अस्वलांनी खाल्लेली होती. लांडगे आणि कोयोटे यांचा वाटा प्रत्येकी दहा-पंधरा टक्क्यांचा. ज्याच्यावर खटला भरला होता तो आरोपी इथे बराच मागच्या बाकावर बसलेला आढळला.

पाचवा बदल सर्वांत चमत्कारिक आहे, कारण तो पाण्याखाली झाला.

माशाने हरीण खाल्ले

यलोस्टोन सरोवरात कटथ्रोट नावाचा ट्राऊट मासा पूर्वापार आहे. वसंतात अंडी घालायला तो उथळ ओढ्यांतून वर चढतो आणि तिथे अस्वले त्याची वाट पाहत उभी असतात. १९९४ साली या सरोवरात एक परका मासा सापडला: लेक ट्राऊट. मिशिगन सरोवराकडचा हा मासा १८९० साली सरकारनेच उद्यानातल्या लुईस सरोवरात सोडला होता. तिथून कोणीतरी बेकायदा तो मोठ्या सरोवरात आणून टाकला असावा. लेक ट्राऊट कटथ्रोटला खातो, आणि स्वतः मात्र खोल पाण्यात राहतो, ओढ्यात येत नाही. त्यामुळे तो अस्वलांच्या तावडीत सापडत नाही. क्लिअर क्रीक नावाच्या एका ओढ्यात १९७८ साली सत्तर हजारांवर कटथ्रोट चढल्याची मोजणी आहे. २००७ साली तिथे उरले पाचशेच्या आसपास.

मग अस्वलांनी काय खायचे? मासे अंडी घालायला चढतात त्याच सुमारास एल्कच्या माद्या वितात. पहिले काही दिवस पाडस पळू शकत नाही, गवतात दबून पडून राहते. आर्थर मिडलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडले, की माशांची उणीव ग्रिझलींनी पाडसांवर भरून काढली, आणि सरोवराच्या परिसरात उन्हाळा काढणाऱ्या स्थलांतरी एल्कना त्याची झळ बसली. मिडलटन यांचे दुसरे निरीक्षणही लक्षात ठेवण्याजोगे आहे. यलोस्टोनच्या पूर्वेला क्लार्क्स फोर्क कळपातल्या स्थलांतरी माद्यांचे गाभण राहण्याचे प्रमाण घटले होते. लांडग्यांच्या धास्तीने माद्या खंगत असतील, अशी एक शंका होती, पण तिला आधार मिळाला नाही. उन्हाळे तापू लागल्याने डोंगरमाथ्यावरचे हिरवे गवत लवकर करपत होते, आणि पुरेशी चरबी न साठलेली मादी गाभण राहत नव्हती.

तर एका माणसाने केव्हातरी बादलीभर मासे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात टाकले असतील, आणि त्याची किंमत काही मैलांवर, काही वर्षांनी, एल्कच्या पाडसाने मोजली. जगातल्या कुठल्याही आलेखावर नुसत्या डोळ्यांनी ही रेघ दिसली नसती.

मग निकाल काय?

शास्त्रज्ञांतही एकमत झालेले नाही, आणि त्यांच्या वादाची पद्धत शिकण्यासारखी आहे. जॉन व्हुसेटिच, डग स्मिथ आणि डॅनियल स्टालर यांनी २००५ साली एक झकास युक्ती केली. लांडगे येण्यापूर्वीच्या, १९६१ ते १९९५ च्या आकडेवारीवर त्यांनी गणिती प्रतिरूप बांधले आणि त्याला विचारले: लांडगे आलेच नसते तर २००४ पर्यंत काय झाले असते? उत्तर आले: बंदूक आणि हवामान यांमुळेच बहुतेक घट झाली असती. लांडग्यांनी मुख्यतः तेच एल्क नेले, जे एरवीही मेले असते. पण या युक्तिवादालाही दुसरी बाजू आहे. हिवाळी शिकारीचे परवाने टप्प्याटप्प्याने कमी होत गेले आणि २०१० च्या आसपास ती शिकार बंदच झाली, तरी घट २०१३ पर्यंत चालू राहिली. तेव्हा उत्तरार्धातल्या घटीचे माप लांडगे, अस्वले आणि कूगर यांच्या पदरात घालावेच लागते. शिवाय मोजणीचाही प्रश्न आहे. विमानातून दिसलेले एल्क म्हणजे असलेले एल्क नव्हेत. बर्फ कमी पडला, कळप झाडीत राहिले, की आकडा पडतो. एका वर्षाच्या आकड्यावर छाती पिटण्यात अर्थ नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे हिशेब असा लागतो. शंभर वर्षांच्या मानवी उपद्व्यापाने आकडा अवाच्या सवा फुगला होता. तो कधी ना कधी उतरणारच होता. बंदुकीने आणि एका वाईट हिवाळ्याने उतरण सुरू केली, दुष्काळाने ती लांबवली, आणि परतलेल्या शिकारी प्राण्यांनी संख्येला पुन्हा वर येऊ दिले नाही. पुढे तो आकडा सावरलाही. २०१८ साली मोजणी सात हजारांच्या वर गेली, आणि लांडगे तर तिथेच होते.

हा वाद केवळ अभ्यासकांचा असता तर इतका लांबण लावला नसता. चुकीच्या निदानाची किंमत कोणीतरी मोजत असते. गार्डिनरच्या परिसरात हिवाळी शिकारीवर पोट असलेली कुटुंबे होती. वाटाडे, खानावळी, मोटेल. त्यांचा धंदा बसला तेव्हा त्यांचा राग लांडग्यांवर निघाला, आणि तो राग राजकारणात उतरला. २०११ साली अमेरिकेच्या काँग्रेसने अंदाजपत्रकाच्या विधेयकात कलम घालून मोंटाना आणि आयडाहोतल्या लांडग्यांचे संरक्षण काढले. २०२१ साली मोंटानाने लांडग्यांच्या शिकारीचे नियम आणखी सैल केले, आणि त्या हिवाळ्यात यलोस्टोनचे वीसहून अधिक लांडगे हद्द ओलांडताच मारले गेले. उलट बाजूला, लांडगे आले आणि नद्यांचे प्रवाहसुद्धा सुधारले अशी एक गोड कथाही जगभर पसरली. तीही तेवढीच सोपी आहे. टॉम हॉब्स आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षे चालवलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ साली आले. एल्क कमी झाले तरी अनेक ठिकाणी विलो पूर्ववत झालेला नाही, कारण दरम्यान बीव्हर गेले, ओढे खोल कापले गेले आणि बायसन वाढले. एकदा मोडलेली घडी एक पान परत लावून बसत नाही.

लांडग्यांचे विरोधक त्यांना आवर्जून ‘कॅनडाचे लांडगे’ म्हणतात. बाहेरून आलेल्यावर खापर फोडणे किती सोपे असते, हे परदेशात संसार थाटलेल्या आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको. पण याच गोष्टीत लेक ट्राऊटही बाहेरचाच आहे, आणि त्याने खरोखरच अनर्थ केला. त्याला काढण्यासाठी जाळी टाकून आजवर चाळीस लाखांहून अधिक मासे बाहेर काढावे लागले आहेत, आणि त्यामुळे कटथ्रोट हळूहळू सावरतो आहे. म्हणजे बाहेरून येणे हा गुन्हाही नाही आणि निर्दोषपणाचा दाखलाही नाही. कोण कुठून आला हे सोडून त्याने नेमके काय केले ते मोजावे लागते. तीन वर्षे पाडसांच्या मागे फिरून, मेलेल्या मादीचे दात तपासून, ओढ्यातले मासे एकेक करून मोजून. हे काम सावकाश होते, आणि निवडणुका त्याच्यासाठी थांबत नाहीत.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन यलोस्टोनला जाल, तेव्हा लामारच्या खोऱ्यात पहाटे लांडगे पाहायला दुर्बिणी लावून बसलेल्यांच्या घोळक्यात जरूर थांबा. ‘एल्क कमी झाले ते यांच्यामुळेच ना?’ असे कोणी विचारले, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. ‘कधीपासून कमी झाले?’ असे विचारा.